वाढवून मागितलेली घरपट्टी

यादीत मी आधी स्वतःचं नाव शोधलं नाही, रंगनाथरावांचं शोधलं.

नगरपालिकेच्या व्हरांड्यात त्या सकाळी ही गर्दी होती. आमची नवी वसाहत नुकतीच कासारवेढ्याच्या हद्दीत आली होती आणि आमच्या घरांची ती पहिलीच आकारणी. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, हे नगरपालिकेचा माणूस फीत लावून, भिंती आणि छप्पर बघून ठरवायचा. त्या आकड्यावर घरपट्टी बसायची. म्हणजे आकडा जितका लहान तितका मालक खूश. जो तो आपली ओळ वाचून कपाळाला हात लावत होता, आणि मी गर्दीत कोपर खुपसून साडूंची ओळ शोधत होतो.

घर क्रमांक ४२, रंगनाथ गोविंद उदावंत, एकोणीसशे वीस रुपये. त्याच्याच वरची ओळ : घर क्रमांक ४१, केशव महादेव दहिवाळ, सतराशे सत्तर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडे तेच होते.

शेजारी कापडवाले बोरा उभे होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, नशीबवान आहात. तुम्हाला कमी लागली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज या गोष्टीला पस्तीस वर्षं होऊन गेली, म्हणून सांगायला लाज वाटत नाही. रंगनाथराव माझे साडू. माझ्या बायकोच्या, शैलाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. एस.टी.च्या डेपोत वाहतूक नियंत्रक. माणूस कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, आणि तरी माझं त्यांच्यावर पोट दुखायचं. सासरी गेलो की पाट आधी त्यांचा मांडायचे. आमरसाची पहिली वाटी त्यांना. सासरे गावातल्या कुणालाही ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचे थोरले जावई," आणि मग जरा थांबून, "आणि हे मास्तर." मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. चित्रकलेचा मास्तर म्हणजे मास्तरांतही शेवटचा, हे मला कुणी सांगायला नको होतं.

फक्त एका गोष्टीत मी त्यांच्या पुढं होतो. माझं घर त्यांच्या घरापेक्षा मोठं होतं. अडीच फुटांनीच, पण मोठं.

प्लॉट आम्ही एकाच दिवशी घेतले, शेजारी-शेजारी. दोन्ही घरांचा नकाशा मीच काढला. बत्तीस बाय वीस, दोघांचा सारखाच. रंगनाथरावांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. "सरकारी मोजणी होऊ दे, हद्दीच्या खुणा पक्क्या होऊ देत, मग पाया काढू," असं ते म्हणाले. मी हे ऐकलं आणि घटस्थापनेलाच कुदळ मारली. नऊ दिवस आधी! मोजणीदाराची वाट बघायला मी काय अडाणी होतो? नकाशात प्लॉटच्या कोपऱ्यावर विजेचा खांब दाखवला होता, तो जागेवर उभाही होता. खांबापासून फीत लावली, स्वतःच्या हातानं फक्कीनं रेघा मारल्या आणि स्वयंपाकघराची भिंत बरोबर हद्दीला भिडवली. एक इंचही वाया घालवला नाही. पुढं वर्षभर जो भेटेल त्याला सांगत होतो की माझ्या घराची आखणी मीच केली.

रंगनाथरावांचं घर मागाहून झालं. माझ्याच नकाशावर, पण त्यांनी हॉल अडीच फूट आखूड केला. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "साडूबुवांचा हात आखडला," एवढं मात्र मी शिक्षकांच्या खोलीत चारचौघांत सांगून घेतलं. शैलासमोरही किती वेळा म्हटलं असेल. ती विषय बदलायची.

आणि आता नगरपालिका म्हणत होती की त्यांचं घर मोठं.

घरी गेलो तेव्हा शैला पोळ्या लाटत होती. मी टेबलावर कागद ओढला आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. तिनं वाचलं आणि तिचा चेहराच उतरला.

"वाढवून मागताय?"

"मग! चूक ती चूक."

"कमी लागली तर बरंच की. लोक कमी करायला पाया पडतायत."

"प्रश्न पैशाचा नाही, शैला. उद्या गावभर होईल की उदावंतांचं घर मोठं."

"होईना का. दाजींनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"त्यांनीच कुणाला तरी धरून नाव वर लावून घेतलंय. डेपोत सगळ्यांच्या ओळखी."

ती जवळ आली. माझ्या हातातलं पेन तिनं हळूच धरलं. "माझं ऐका. हा अर्ज देऊ नका. एवढं एकदा ऐका."

पंधरा वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे इतक्या काकुळतीनं काही मागितलं नव्हतं. मला त्यातही बहिणीचा ओढा दिसला. पेन सोडवून घेतलं आणि सही ठोकली.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. मुख्याधिकारी स्वतः बसले होते, बाजूला आकारणी निरीक्षक शेंडगे. हा शेंडगे माझा जुना विद्यार्थी. चित्रकलेत पस्तीस गुण देऊन मीच त्याला पुढं ढकललं होतं. माझ्या आधी बोरांची सुनावणी झाली. घर गळतंय, भिंतीला ओल आहे, भाडेकरू टिकत नाही, असं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मग माझं नाव पुकारलं.

मुख्याधिकाऱ्यांनी माझा अर्ज उलटसुलट करून पाहिला. "मास्तर, यात 'वाढवून' लिहिलंय. 'कमी करून' लिहायचं होतं का?"

"नाही साहेब. वाढवूनच. माझं घर बत्तीस बाय वीस, म्हणजे सहाशे चाळीस चौरस फूट. शेजारी उदावंतांचं साडेएकोणतीस बाय वीस, म्हणजे पाचशे नव्वद. यादीत नेमकं उलटं लागलंय."

सभागृह खदखदून हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, माझी मास्तरांना लावा!"

शेंडगे उठून माझ्याजवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, दोन मिनिटं बाहेर येता का?"

"कशाला?"

"जरा बोलायचं होतं."

"जे काय असेल ते इथं बोल."

"सर, इथं नको."

"का नको? कुणाची शिफारस होती का?" मी आवाज चढवला. "उदावंतांनी सांगितलं का तुला, माझं वाढव आणि ह्यांचं घटव म्हणून?"

शेंडगेनं मान खाली घातली. मला वाटलं, सापडला! मुख्याधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेरा मारला : दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन्ही मालकांसमोर, जागेवर फेरमोजणी.

सकाळी अर्धी वसाहत आमच्या फाटकाशी गोळा झाली. घरपट्टी वाढवून मागणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता. रंगनाथराव डेपोचा खाकी गणवेश घालूनच आले आणि कुंपणाच्या पलीकडं हाताची घडी घालून उभे राहिले. विमलाक्का, त्यांची बायको, पायरीवर. मी फितीचं टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि विजेच्या खांबाला लावलं.

"खांब नाही सर," शेंडगे म्हणाला. "दगड."

"कुठला दगड?"

त्यानं मोजणीचा नकाशा उघडला. माझ्या जास्वंदीच्या झुडपात खुरप्यानं चार ठिकाणी माती उकरली आणि खूण कोरलेला हद्दीचा दगड निघाला. खांबापासून पूर्वेला, अडीच फुटांवर. "खांब रोवताना खाली कातळ लागला होता, म्हणून त्या लोकांनी तो अलीकडं घेतला. नकाशात जुनीच जागा राहिली."

तो आणखी काही बोलला असेल. मला ऐकू आलं नाही. मी फितीचं टोक दगडावर धरून बसलो आणि शेंडगे दुसरं टोक घेऊन माझ्या घरात शिरला. हॉलमधून, मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरात. थोड्या वेळानं त्यानं आतून हाक मारली. "सर, टोक दुसऱ्या कुणाकडं द्या आणि आत या."

शैला ओट्याशी उभी होती. फीत तिच्या पायाशी येऊन संपली होती. तिचे पाय माझ्या जागेत होते आणि समोरचा अख्खा ओटा, शेगडीसकट, साडूंच्या.

"सर, तुमची हद्द इथं संपते."

"पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावली. मी तिसऱ्यांदा लावायला लावली. अडीच फूट काही हलले नाहीत.

रंगनाथराव दारात येऊन उभे होते. म्हणाले, "शेंडगे, आधी लिहिलं होतं तसंच राहू दे ना."

"आता कसं राहील साहेब? तेव्हा तुम्ही म्हणालात, तो तुकडा माझ्या प्लॉटमध्ये आहे तर माझ्याकडं लावा, घरचंच आहे. मी सरांच्या मापातून काढला आणि तुमच्यात धरला. आता हरकत कागदावर आली. सरांच्या घराचा भाग तुमच्या जागेत, असं लिहावं लागणार. तुमच्याकडून लेखी काही झालं नाही, तर भिंत पाडायची नोटीस निघेल."

"बघा!" बाहेरून विमलाक्कांचा आवाज आला. "सहा वर्षं मी ह्यांना म्हणतेय, सांगून टाका एकदाचं! आपला हॉल आखूड करून बसले आणि वर हात आखडल्याची बोलणी खाल्ली!"

मी शैलाकडे पाहिलं. ती एकच पोळी पुनःपुन्हा लाटत होती, इतकी की ती पोळपाटाच्या बाहेर गेली. म्हणजे हिलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आखणी करणारा तेवढा सोडून.

अशा वेळी माणसाला उपकार वाटावेत. मला वाटले नाहीत. मला हेवा वाटला. सहा वर्षं एक माणूस माझ्या तोंडून स्वतःची टिंगल ऐकतो, माझ्या ओट्याखालची जमीन सांभाळतो आणि चकार शब्द काढत नाही! गप्प बसण्यातही हा माझ्या पुढं गेला होता.

"मी भिंत पाडतो," मी म्हणालो. "आजच गवंडी बोलावतो. कुणाच्या मेहरबानीवर राहायचं नाही मला."

"केशवराव, मग शैला स्वयंपाक कुठं करणार?" रंगनाथरावांनी विचारलं.

"तो माझा प्रश्न आहे."

शैलानं लाटणं खाली ठेवलं. "तुमचा कसा? रांधते मी."

एवढंच बोलून तिनं ती वेडीवाकडी पोळी तव्यावर टाकली.

भिंत पाडली नाही. रंगनाथरावांनी आठवड्याभरात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन ती पट्टी माझ्या नावावर केली. फुकट नाही, ज्या भावानं प्लॉट घेतला त्याच भावानं, ना एक रुपया जास्त ना कमी. फुकट दिली असती तर मी घेतली नसती, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. तेही मला टोचलं.

घरात मात्र मी शैलाशी बोलणं टाकलं. सहा वर्षं नवऱ्याला मूर्ख ठरवलंस, असं एकदा तोडून म्हणालो आणि मग तेही बंद. स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नव्हतो. ती ताट हॉलमध्ये आणून ठेवायची, मी भिंतीकडं तोंड करून जेवायचो. तिनं कधी आपली बाजू मांडली नाही. दोन महिने असे गेले. रोज वाटायचं, आज ती काहीतरी बोलेल आणि मला भांडता येईल. ती विचारायची, आमटी वाढू का.

मग दुरुस्त यादी लागली. तोच व्हरांडा. या वेळी गर्दी नव्हती. दहिवाळ, एकोणीसशे वीस. उदावंत, सतराशे सत्तर. मी मागितलं होतं ते अक्षरशः मिळालं होतं. मी तिथंच उभा राहून आनंद व्हायची वाट बघत होतो.

"झालं ना मनासारखं, केशवराव?"

रंगनाथराव मागं उभे होते. मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. असता तर मी वाचलो असतो. त्यांनी खरंच विचारलं होतं.

काय झालं कोण जाणे, मी खरं बोलून बसलो. "नाही हो. तुमच्यावर माझं पोट दुखायचं ते तसंच दुखतंय. लग्नापासून दुखतंय."

ते हसले. "माहितेय मला. माझंही दुखतं की."

"तुमचं? माझ्यावर? कशानं?"

त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"मोजणीदार लांबला. दिवाळीनंतर माझा प्लॉट मोजायला आला, तेव्हा तुम्ही शाळेत होता. शैला तुमच्या नव्या भिंतींवर पाणी मारत होती. फीत तुमच्या जोत्यावर चढली ती तिनं बघितली. संध्याकाळी आमच्याकडं आली. मला वाटलं, जागेचं काहीतरी मिटवायला आली असेल. तिनं हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाली, दाजी, जागेचे पैसे यातून घ्या, पण ह्यांना कळू देऊ नका. आखणी स्वतः केलीय, गावभर सांगत फिरतायत. कळलं तर पुन्हा हातात फूटपट्टी धरणार नाहीत."

मी भिंतीवरच्या यादीकडे बघत राहिलो. अक्षरं दिसत नव्हती.

"पाटल्या मी घेतल्या नाहीत," रंगनाथराव म्हणाले. "पण ते मनातून गेलं नाही. आमची ही, माझी चूक आधी चार घरी सांगते, मग मला. स्वभावच तो, मनात काही नसतं तिच्या. पण कधीकधी वाटतं, कुणी आपल्यालाही असं झाकावं." ते एकदम थांबले. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चला, साडेदहाची गाडी लावायचीय," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

शाळेत मी त्या दिवशी गेलो नाही. गावातून नुसता हिंडलो. पंधरा वर्षं मी पाट, वाट्या आणि फूट मोजत होतो, आणि त्या माणसानं माझ्या घरातली एकच गोष्ट पाहिली होती. ती मी पाहिली नव्हती. दोन महिने शैला माझ्यापुढं ताट आणून ठेवत होती.

दुपारी घरी गेलो. शैला पोळ्या करत होती. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि दोन महिन्यांनी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसलो. ती वळली नाही, पण तिचा हात थांबला.

"वाढ," मी म्हणालो.

तिनं ताट मांडलं. पोळी वाढताना विचारलं, "लागली का यादी?"

"लागली."

"मग? कुणाचं जास्त?"

"त्यांचं."

तिनं माझ्याकडं बघितलं. खरा आकडा तिला ठाऊक असणारच. पट्टीच्या खरेदीखतावर सही तिच्यासमोरच झाली होती. पोळीवर तूप सोडलं, मग आणखी थोडं सोडलं.

मी घास घेतला. खरं सांगायचं तर तेवढं बोलतानासुद्धा मला जरा टोचलंच.